महाभोपळ्याचं खोड कुजतंय? आधी चमचा, मग पंखा, औषध शेवटी

महाभोपळ्याच्या बुंध्याला फेस आला की पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे जाते. तिथून निळी नाहीतर पांढरी पुडी येते, दोनदा फवारणी होते आणि आठवड्याभरात वेल मान टाकतो. दोष पुडीचा नसतो. कुजलेल्या, ओलसर खोडावर वरून मारलेलं औषध जिथे लागायला हवं तिथे पोचतच नाही. खोडकूज हा आधी ओलीचा प्रश्न असतो आणि नंतर जंतूंचा, त्यामुळे उपचारही त्याच क्रमाने करावे लागतात: आधी कुजका भाग चमच्याने खरवडायचा, मग जखम पंख्याने वाळवायची, औषध शेवटी.

आधी हा भोपळा कोणता, ते बघू. मंडईत फोडी करून विकायला ठेवलेला आपला लाल भोपळा बहुतेक वेळा ‘कुकुर्बिटा मोश्चाटा’ या प्रजातीचा असतो. परदेशी प्रदर्शनांत क्रेनने उचलावे लागणारे भोपळे ‘कुकुर्बिटा मॅक्झिमा’चे, आणि त्यातही जवळपास सगळे ‘अटलांटिक जायंट’ या वाणाचे. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हा वाण घडवला. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात विल्यम वॉर्नॉकचा ४०३ पौंडांचा, म्हणजे साधारण १८३ किलोंचा भोपळा बघायला लोक गर्दी करत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट आणि इयन पॅटन या जुळ्या भावांचा भोपळा १२७८.८ किलो भरला. भर वाढीत असा भोपळा दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढतो. पुण्याच्या हवेत हे आकडे गाठायची आशा धरू नये, पण शंभर किलोंचा भोपळाही त्याच प्रकारच्या खोडावर वाढतो आणि ते खोड त्याच कारणांनी कुजतं.

दोन्ही प्रजातींतला फरक देठ हातात घेतला की लगेच कळतो. मोश्चाटाचा देठ टणक आणि पाच कंगोऱ्यांचा असतो, भोपळ्याला जोडतो तिथे पसरतो. मॅक्झिमाचा देठ गोल, जाडजूड, नखाने खरवडला तर बुचासारखा मऊ. खोडाचंही तसंच आहे. मॅक्झिमाचा वेल मऊ, पोकळ आणि पाणीदार, तर मोश्चाटा पुष्कळ काटक. त्यामुळे “आमच्या आजीने कधी भोपळ्याला औषध मारलं नाही” हे शंभर टक्के खरं असलं, तरी आजीचा वेल वेगळा होता.

या वेलाचं खोड म्हणजे मुख्यतः साखर वाहून नेणारी यंत्रणा. २०१५ मध्ये जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी महाभोपळ्यांची साध्या भोपळ्यांशी तुलना केली. महाभोपळ्याची पानं काही जास्त साखर बनवत नाहीत, मात्र साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांचं जाळं त्याच्यात जास्त असतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण ज्या गुणासाठी हा वाण निवडला, तोच जंतूंनाही आवडावा असा आहे. मऊ पेशी, भरपूर पाणी, गोड रस. कुठे चीर पडली की आत जायला वाट मिळते.

कूज कुठून सुरू होते

पहिली जागा बुंधा, म्हणजे जमिनीतून वेल जिथे वर येतो ते ठिकाण. वेल झपाट्याने जाड होतो, साल तेवढ्या वेगाने ताणत नाही, उभ्या चिरा पडतात. वर मोठाल्या पानांचं छत, त्यामुळे ऊन नाही, वारा नाही. चिरेत पाणी साचतं, रस आंबतो आणि बुडबुडे यायला लागतात. पान बाजूला करून वाकून पाहिलंत तर पांढरट फेस, त्याखाली तपकिरी लगदा आणि आंबलेल्या पिठासारखा वास येतो. फेस आणि वास दोन्ही असले तर जिवाणूंचा उद्योग आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी जागा भोपळ्याचा देठ. भोपळा फुगतो तसे त्याचे खांदे वर येतात आणि वेलाला ढकलतात. वेल पेराजवळच्या मुळांनी जमिनीला जखडलेला असेल तर त्याला हलता येत नाही, ताण सगळा देठावर येतो आणि देठ उकलतो. पावसाचं किंवा दवाचं पाणी त्या फटीत उतरतं.

तिसरी जागा लोक विसरतात: आपणच केलेले काप. पानाचा दांडा आणि मोठी फांदी दोन्ही पोकळ असतात. अर्धवट कापलेला पोकळ दांडा पावसाळ्यात पाण्याने भरून उभा राहतो आणि कूज त्यातून मुख्य वेलात उतरते. फांदी काढायची तर ती बोटाएवढी व्हायच्या आत, कोवळी असतानाच खुडावी. मोठा दांडा कापावा लागलाच तर तोंड खालच्या बाजूला उतरतं ठेवावं.

आता घाबरायचं कशाला नाही, तेही सांगतो. खोडावर फिकट तपकिरी, कोरड्या, खरबरीत रेघा असतील तर त्या जुन्या, भरलेल्या चिरा. त्यांना हात लावू नका. ताज्या कापातून स्वच्छ रसाचे थेंब येऊन सुकले तर तेही ठीक. एप्रिलच्या दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर तो फक्त उन्हाचा परिणाम. पहाटेही लोंबलेलीच दिसली, तर मात्र पाणी द्यायच्या आधी बुंधा उकरून बघा. मुळं कुजलेल्या वेलाला “सुकलाय बिचारा” म्हणून बादलीभर पाणी घालणं हा त्याला संपवण्याचा हमखास उपाय आहे.

कोणाचं काम आहे, हे ओळखताना

प्रयोगशाळेशिवाय अचूक निदान होत नाही, पण घरच्या घरी बराच अंदाज बांधता येतो. लिबलिबीत, दुर्गंधी, फेसाळ असेल तर जिवाणू. खोडावर तेलकट ओले डाग, त्यातून तांबूस डिंकाचे मणी आणि पुढे वाळलेल्या भागावर बारीक काळे ठिपके दिसले तर डिंक्या करपा. ही बुरशी बियातून येते आणि जुन्या वेलांच्या अवशेषांवर तग धरते. साचलेल्या पाण्यानंतर दोन-चार दिवसांत बुंधा काळपट होऊन वेल एकदम बसला तर फायटोप्थोरा या बुरशीसारख्या, ओल्या जमिनीत फोफावणाऱ्या जंतूचा संशय घ्यावा. त्याची लागण भोपळ्यावर आली तर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. थंडीच्या दिवसांत कापसासारखी बुरशी आणि तिच्यात काळे टणक दाणे दिसले तर ती स्क्लेरोटिनिया नावाची बुरशी. बुंधा बाहेरून बरा वाटतो, पण एकेक फांदी कोमेजत जाते आणि आडवा काप घेतल्यावर वाहिन्या तपकिरी दिसतात, तेव्हा बहुधा फ्युजेरियम ही मातीतली बुरशी असते, आणि तिथे चमचा-पंख्याचा काही उपयोग नाही.

ही ओळख औषध निवडताना कामाला येते. पहिल्या दिवशीचं काम मात्र खोड बाहेरून कुजत असेल तर सगळीकडे सारखंच आहे.

प्रत्यक्ष उपचार

कोरडा दिवस बघा आणि सकाळी लवकर सुरुवात करा, म्हणजे जखमेला दिवसभराची हवा मिळेल. बुंध्यावर सावली धरणारी दोन-तीन पानं दांड्यासकट काढून टाका. पानांचा मोह सोडायला जड जातं, पण पन्नास पानांच्या वेलाला तीन पानांनी काही होत नाही. बुंध्याला टेकलेली माती हाताने मागे सारा, म्हणजे खोडाचा आजारी भाग पूर्ण उघडा होईल.

हत्यार म्हणून स्टीलचा चमचा सर्वांत बरा, कडेला जरा धारदार असलेला. सोबत पातळ पात्याची सुरी. दोन्ही स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक वेळी कुजका भाग खरवडल्यावर पुन्हा पुसा. लगदा खरवडत जा. थांबायचं कुठे, हे बोटांना कळतं: लगदा संपला की चमचा कुरकुरायला लागतो आणि खाली हिरवट-पांढरा, घट्ट गर दिसतो. तपकिरी कडा जरा जरी राहिली तरी तिथून पुन्हा सुरू होतं, म्हणून निरोगी भागातही थोडंसं आत जायचं. खोडात केवढा खड्डा पडला हे बघून पोटात गोळा येतो, पण अर्धाअधिक घेर गेलेला बुंधाही वेल पोसू शकतो.

खड्ड्याचा आकार महत्त्वाचा आहे. वाटीसारखा खोलगट ठेवलात तर पहिल्याच सरीला त्यात पाणी साचेल. सर्वांत खालच्या कडेला सुरीने एक खाच पाडा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर जाईल. मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात कापूस बुडवून, पिळून, जखम पुसून घ्या. ब्लीच ओतू नका, आणि टॉयलेट क्लीनर किंवा कुठल्याही आम्लाच्या जवळ नेऊ नका, विषारी वायू होतो.

यानंतरच्या पायरीसाठी कुणाचाच धीर टिकत नाही: वाळवणं. जखमेकडे तोंड करून छोटा पंखा लावा आणि दिवस-रात्र चालू ठेवा, दोन दिवस तरी. परदेशातले स्पर्धक भोपळेवाले हेच करतात, त्यांच्या शेतात बुंध्याजवळ पंखे लावलेले असतात. आपल्याकडे २३० व्होल्टचा टेबल फॅन ओल्या शेतात नेणं धोक्याचं आहे. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो, तो स्कूटरच्या बॅटरीवर आरामात चालतो. घरच्या मीटरवरून वीज न्यायचीच असेल तर अर्थ लीकेज ब्रेकर असलेल्या पॉइंटवरूनच न्या आणि बोर्ड झाकून उंचावर ठेवा. दोन दिवसांनी जखम हाताला कोरडी, चामड्यासारखी चिवट लागली की निम्मी लढाई जिंकली.

आता औषध. जखम वाळल्यावर कॅप्टन या बुरशीनाशकाची भुकटी पातळ भुरभुरवतात किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पाण्यात केलेला लेप ब्रशने फक्त जखमेवर लावतात. तांबं बुरशी आणि जिवाणू दोघांनाही काही प्रमाणात आवरतं, म्हणून नेमकं निदान नसताना ते सोयीचं. आंब्याच्या, संत्र्याच्या खोडाला लावतात ती बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) घरात असेल तर तीही चालेल. पण झाडाच्या सालीला सोसतं ते वेलाच्या कोवळ्या पेशींना सोसेलच असं नाही, म्हणून थर पातळ आणि जखमेपुरताच. गंधकाची भुकटी काही जण सुचवतात. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर भोपळावर्गीय वेलांना गंधक भाजतं, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

फवारणीच्या औषधांबद्दल थोडं परखड. मॅन्कोझेब हे रोग येण्याआधीचं संरक्षण आहे, आत शिरलेल्या कुजीला ते काढत नाही. कार्बेन्डाझिम आंतरप्रवाही, म्हणजे वेलाच्या आत शिरून काम करणारं असलं तरी डिंक्या करप्याच्या बुरशीत त्याला न जुमानणारे प्रकार अनेक देशांत सापडले आहेत. मेटॅलॅक्झिल फायटोप्थोराच्या कुळावर चालतं, डिंक्या करप्यावर नाही. आणि यांपैकी कुठलंही जिवाणूंचं काही वाकडं करत नाही. म्हणून “सगळं मिसळून एकदाच मारा” हा सल्ला मिळाला तर नम्रपणे मान हलवून घरी यावं. पाकिटावर पीक, मात्रा आणि काढणीपूर्वी थांबायचे दिवस छापलेले असतात. भोपळा खायचा असेल तर ती ओळ सर्वांत आधी वाचा.

जखम भरायला काहीतरी थापावं असं फार वाटतं: शेण-माती, मेण, एम-सील, चिकटपट्टी. मुळशीकडच्या एका ओळखीच्या काकांनी बुंध्यातल्या खड्ड्यात शेण-मातीचा गोळा बसवला. चार दिवस छान दिसला, गोळा काढला तेव्हा आतलं खोड हाताला लागलंच नाही. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारल्यावर जे होतं तेच इथे होतं. जखम उघडीच ठेवायची. पाऊस असेल तर चार काठ्यांवर प्लॅस्टिकचा तुकडा बांधून वर छप्पर करायचं, बाजू मोकळ्या ठेवून. जुनी छत्री रोवली तरी काम होतं.

आठवडाभर रोज सकाळी बघा. ओलसर ठिपका दिसला की तेवढाच पुन्हा खरवडा, पुन्हा वाळवा.

बुंधा गेलाच तर

हा वेल पेरापेरातून मुळं सोडतो. वेल पुढे सरकेल तशी प्रत्येक पेरावर ओंजळभर माती टाकत गेलात तर महिन्या-दीड महिन्यात त्याची डझनावारी मुळं जमिनीत असतात आणि बुंधा हा पाण्याच्या अनेक वाटांपैकी एक उरतो. अशा वेलाचा बुंधा कुजून वर चढायला लागला तर कुजीच्या वर, निरोगी भागात सरळ काप घेऊन बुंधा काढून टाकता येतो. हे ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावं, दोन-तीन दिवस वेलावर शेडनेटची सावली धरावी आणि पेरांजवळच्या जमिनीत वाफसा टिकवावा. पानं थोडी लोंबतील, पण वेल सावरतो आणि भोपळा वाढत राहतो. पेरांवर माती टाकलीच नसेल तर हा पर्याय नाही. माझ्या मते उपचारापेक्षा हीच जास्त मोलाची गोष्ट आहे, आणि ती रोग दिसण्याच्या कितीतरी आधी करावी लागते. एक काळजी मात्र घ्या: माती पेराच्या मुळांवर हवी, चिरलेल्या किंवा ओल्या खोडावर नको.

देठाला असा पर्याय नसतो. तिथे वाट एकच. म्हणून भोपळा मुठीएवढा असतानाच तयारी करावी लागते: त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन फुटांत वेलाला मुळं धरू द्यायची नाहीत, आणि वेल देठाशी काटकोनात राहील असा रोज थोडा थोडा वळवायचा, तोही दुपारी, जेव्हा तो जरा सैल असतो. सकाळी ताठ वेल वळवलात तर कटकन मोडेल. देठाला उथळ चीर पडली तर तोच क्रम: पुसा, वाळवा, भुकटी, वर छप्पर. चीर भोपळ्याच्या पोकळीपर्यंत पोचली तर प्रकरण संपलं. ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या स्पर्धांच्या संस्थेच्या नियमांनुसारही पोकळीपर्यंत भोक किंवा चीर गेलेला भोपळा बाद ठरतो. कूज देठातून भोपळ्याकडे सरकताना दिसली तर वाट बघू नये, काढून घ्यावा.

पुण्यात कुठे आणि कधी

शिवाजीनगरला वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. पौडच्या पुढे ताम्हिणीकडे तो कितीतरी पटींनी जास्त, आणि सासवड, जेजुरीकडे उतरलात की कमी. त्यामुळे मुळशीतल्या फार्महाउसवर जूनमध्ये लावलेला अटलांटिक जायंट आणि पुरंदरमधला तोच वेल यांचं भवितव्य वेगळं असतं. जूनच्या लावणीत फळ ऐन पावसात पोसतं, म्हणून खोडकुजीसाठी हा सर्वांत वाईट हंगाम. जानेवारीत लावलं तर कूज कमी, पण भोपळा एप्रिल-मेच्या उन्हात सापडतो, आणि कोरड्या ताणानंतर वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला की बुंधा आणि देठ दोन्ही एका रात्रीत उकलतात. मला विचाराल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावावं. थंडीच्या रात्री वाढ मंदावते, पानांवर पांढरी भुकटी आणणारी भुरीही सतावते, पण हवा कोरडी असते आणि जखमा भरतात.

जमीन काळी असेल तर सपाटीवर लावूच नका. काळी माती पाणी धरून बसते आणि बुंधा आठवडाभर ओला राहतो. फूट-दीड फूट उंच, रुंद गादीवाफा करा, बुंध्याभोवती शेणखताऐवजी मुरूम किंवा जाड वाळू ठेवा, आणि ठिबकचे ड्रिपर बुंध्यापासून फूटभर लांब सरकवा. वरून झारीने पाणी देणं बंद. पाणी सकाळी, थोडं थोडं आणि नियमित. युरियाचा हात आखडता ठेवा, नत्र जास्त झालं की खोड फोफावतं आणि तेवढंच सहज चिरतं. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी. तो वापरायचा तर लावणीआधी शेणखतात मुरवून. कुजलेल्या बुंध्यावर तो ओतून काही साधत नाही, आणि तांबं किंवा कार्बेन्डाझिमबरोबर दिला तर बिचारा स्वतःच मरतो.

हंगाम संपला की वेल तिथेच सडू देऊ नका आणि घरच्या कंपोस्टमध्येही टाकू नका, विशेषतः डिंक दिसला असेल तर. त्या जागी दोन-तीन वर्षं काकडी, दोडका, कारलं, दुधी, कलिंगड यांपैकी काहीही लावायचं नाही. ही सगळी एकाच कुळातली असल्यामुळे बुरशीला पाहुणचार तोच मिळतो. मेथी, कांदा, मका काहीही चालेल. रोगट वेलावरच्या भोपळ्याचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नये, मग तो भोपळा कितीही मोठा झालेला असो. आणि घारग्यांसाठी त्याचा गर किसायचा विचार असेल तर तोही सोडा. गर पाणचट आणि दोरे असलेला निघतो, त्यासाठी मंडईतलाच भोपळा आणावा.